परक्या मुलखात आपले झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूरला आपले जाणे-येणे नेहमीचेच. कोणाचे कोर्टात काम असते, कोणाला दवाखाना गाठायचा असतो, कोणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. काही ना काही निमित्ताने अक्कलकोटचा माणूस सुमारे ४० किलोमीटरची ती वाट धरतोच. पुढच्या खेपेला गेलात तर भैय्या चौकात थोडा वेळ काढा. तेथे एका जुन्या घराचे महानगरपालिकेने स्मारक केले आहे. त्या घरातला एक मुलगा शिकून डॉक्टर झाला, वयाची २८ वर्षे पुरी होण्याआधीच चीनला गेला आणि ३२ व्या वर्षी तिथल्याच मातीत विसावला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्याचे नाव.

हे नाव आपण ऐकले असेल. आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांच्यावरचा चित्रपटही पाहिला असेल. पण थोर माणसांचे असे होते की त्यांच्या त्यागाचे गोडवे गाता गाता त्यांनी रोजचे काम कसे केले हे सांगायचे राहून जाते. आम्हांला आज नेमके तेच आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे खाणेपिणे वेगळे, चालीरीती वेगळ्या, अशा माणसांत हा सोलापूरचा तरुण गेला. त्यांच्याबरोबर त्याने चार वर्षे काम केले आणि त्यांतलाच एक झाला. हे त्याने कसे साधले?

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. आज आपल्या गावची मुले पुणे, मुंबई, हैदराबाद येथे नोकरीला जातात, कोणी आखाती देशांत जातात. मुलीही शिकून बाहेर पडू लागल्या आहेत. मुलगा निघाला की आई-वडिलांच्या मनात दोन शंका येतात. परक्या माणसांत त्याचा निभाव लागेल काय, ही एक. आणि लागलाच, तर तो आपला राहील काय, ही दुसरी. या दोन्ही शंकांना कोटणीसांच्या आयुष्यात उत्तर सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण व शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. त्या वेळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. गिरणीचा भोंगा झाला की कामगारांचे लोंढे रस्त्यावर दिसत. त्यांत आसपासच्या खेड्यांतून आलेले मराठी व कानडी शेतकरी असत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर असत, उर्दू बोलणारे मुसलमान कारागीर असत, व्यापाराला आलेले मारवाडी व गुजराती असत. ज्या गल्लीतून शाळेला जायचे तेथे चार भाषा कानावर पडायच्या.

अक्कलकोटकरांना हे चित्र नवे नाही. आपले जुने संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पण त्याआधीपासून येथला माणूस घरात दख्खनी, शेतात कानडी आणि कचेरीत मराठी बोलत आला आहे. दुधनीच्या बाजारात भाव ठरतो तो कोणत्या भाषेत, हे समोरचा माणूस कोण आहे यावर अवलंबून असते. ही आपली फार मोठी शिदोरी आहे, आणि ती आपल्याजवळ आहे हेच आपण विसरून जातो.

पुढे द्वारकानाथ वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईस गेले. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. या कॉलेजची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ते १९२६ साली सुरू झाले तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती की येथले अध्यापक भारतीयच असावेत. त्या काळी सरकारी वैद्यकीय नोकऱ्यांत वरच्या जागा इंग्रजांकडे असत. भारतीय डॉक्टर कोणाहूनही कमी नाही हे दाखवून देण्यासाठी उभारलेल्या संस्थेत कोटणीसांचे शिक्षण झाले. शेजारच्या के. ई. एम. रुग्णालयात मुंबईतील नाना जातिधर्मांचे गोरगरीब येत. डॉक्टराने रोग पाहावा, रोग्याची जात पाहू नये, हा धडा अशा ठिकाणी पुस्तकाशिवाय मिळतो.

याच काळात त्यांच्या गावी मोठी घटना घडली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. चार घरांचे चार पुत्र एकाच दिवशी फासावर गेले. त्या वेळी कोटणीस २० वर्षांचे होते. ज्या गावाने हे पाहिले त्या गावचा हा तरुण होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत नीट उमगते.

चीनची हाक

१९३७ च्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शहरामागून शहर पडू लागले. जखमींची गणती राहिली नाही आणि डॉक्टर तर नव्हतेच. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी उभा राहिला. आपण स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी आपल्या लोकांनी हे पैसे काढून दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

पथकासाठी पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केलेली होती. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने वडील. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाहा, चीनला पोहोचण्यापूर्वीच परक्यांबरोबर काम करण्याचा आरंभ झाला होता. दोघे मराठी, दोघे बंगाली, एक काश्मिरी घराण्यातले. एकाची मातृभाषा दुसऱ्याला कळेना, म्हणून इंग्रजी व हिंदुस्थानीवर भागवावयाचे. कोणाला भात हवा, कोणाला पोळी. असा हा छोटासा हिंदुस्थान १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाला आणि १७ सप्टेंबरला कँटनला उतरला. तेथे डॉ. सन् यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग त्यांच्या स्वागताला आल्या होत्या.

तेथून हँकौ, मग इचांग, मग चुंगकिंग. पुढे शत्रू व मागे शत्रू, वर विमाने. चुंगकिंगला असताना या पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ह्वा हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के दी-ह्वा. त्यांच्या आडनावातील पहिला उच्चार पुढे, आणि पाहुण्या देशाचे नाव मागे. नाव बदलले खरे, पण जुने पुसले गेले नाही. जुन्याला नवे जोडले गेले.

चुंगकिंगलाच त्यांना घरून बातमी आली. वडील वारले होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. परदेशात असलेल्या मुलाला अशी बातमी पोहोचते तेव्हा काय होते, हे आपल्या गावातील पुष्कळ घरांना ठाऊक आहे. परत फिरावे तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांच्या सोबत्यांनीही अडवले नसते. पथक अजून जेथे जायचे तेथे पोहोचलेलेच नव्हते. मोठे काम पुढे येनानला होते. कोटणीसांनी पुढे जाण्याचे ठरविले. घरचा भार मागे राहिलेल्या भावंडांवर पडला असणारच. त्यांच्या त्यागाची नोंद कोठे होत नाही, म्हणून ती येथे करून ठेवतो.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा हीच तेथली घरे, हेच दवाखाने. थंडी अशी की आपल्याकडच्या माणसाला कल्पना यायची नाही. जेवायला बहुधा राळ्यासारखे भरड धान्य.

आधी विद्यार्थी, मग डॉक्टर

ज्ञानासाठी चीनइतके दूर जावे लागले तरी जावे, असे आपल्या घरांतील वडीलधारे सांगत आले आहेत. कोटणीस तर ज्ञान द्यायला गेले होते. हातात पदवी होती, शस्त्रक्रियेचे कौशल्य होते. तरीही तेथे पोहोचल्यावर त्यांना प्रथम विद्यार्थीच व्हावे लागले.

दुखते कोठे, कधीपासून, ठणकते की टोचते, एवढे तीन प्रश्न डॉक्टराला विचारता आले नाहीत तर त्याची पदवी कपाटातच राहते. कानडी न येणारा डॉक्टर आपल्या तालुक्याच्या सीमेवरील खेड्यात बसला तर त्याची काय गत होते, हे आपण पाहतोच. दुभाषा मिळतो, नाही असे नाही. पण रोगी आपले खरे दुखणे दुभाष्याला सांगत नाही. बाईमाणूस तर मुळीच सांगत नाही.

चिनी भाषा आपल्या माणसाला अवघड. एकच उच्चार स्वर चढवून केला तर एक अर्थ, उतरवून केला तर दुसरा. लिपीत अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत आणि ती हजारोंनी आहेत. कोटणीसांनी ती भाषा नेटाने शिकून घेतली. नुसती बोलण्यापुरती नव्हे, वाचण्या-लिहिण्यापुरती. पुढे ते त्याच भाषेत वर्गावर शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तकही त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहावयास घेतले. जो मनुष्य दोन वर्षांपूर्वी पाणी मागायलाही अडखळत असेल तो त्या भाषेत ग्रंथ लिहू लागला. कारण शिकणे हा त्याला कमीपणा वाटला नाही.

येनान व त्यापुढील डोंगराळ प्रदेशात त्या काळी देशोदेशींचे डॉक्टर जमा झाले होते. अमेरिकेत जन्मलेले, लेबनॉनहून आलेल्या अरब कुटुंबातले डॉ. जॉर्ज हातेम होते. त्यांनी मा हायदे असे चिनी नाव घेतले आणि पुढे साऱ्या चीनमध्ये कुष्ठरोगाविरुद्ध काम केले. हिटलरच्या जाचामुळे देश सोडलेले जर्मन यहुदी डॉ. हान्स म्युलर होते. ऑस्ट्रियाचे डॉ. रिचर्ड फ्राय होते. एक अरब वंशाचा, एक यहुदी, एक मराठी, एक बंगाली. त्यांच्या देवळा-मशिदींच्या वाटा निराळ्या, पण जखम बांधण्याची पद्धत एकच. अशा मंडळींच्या शेजारी उभे राहून काम केले म्हणजे आपल्या कामातील उणिवा दिसतात आणि दुसऱ्याकडची चांगली रीत उचलता येते.

पथकातील इतर सोबती एकेक करून परतले. कोणाचे वय झाले होते, कोणाला आजाराने घेरले होते. त्यांनी केलेली सेवा काही कमी मोलाची नव्हे. बसू १९४३ पर्यंत तेथे होते. कोटणीस मात्र परतलेच नाहीत.

डोंगरातील दवाखाना

कॅनडाचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून कोटणीसांच्या आधी चीनच्या उत्तरेकडील युद्धभूमीवर आले होते. खेचरांवर लादून नेता येईल असा फिरता शस्त्रक्रिया विभाग त्यांनी उभा केला. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळून रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. त्यांच्या नावाने तेथे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय चालविण्यात आले. १९४१ च्या जानेवारीत त्या रुग्णालयाचे प्रमुखपद डॉ. कोटणीसांकडे आले.

एका कॅनेडियनाच्या नावाचे रुग्णालय, चीनच्या डोंगरात, आणि त्याचा प्रमुख सोलापूरचा. वाचताना आपल्याला अभिमान वाटतो. परंतु ही नेमणूक करणाऱ्या चिनी लोकांच्या मनाचाही विचार करा. आपल्या जखमी मुलांचा दवाखाना त्यांनी एका परदेशी तरुणाच्या हाती दिला. इतका विश्वास कोणी एका दिवसात टाकत नाही. तो कामाने कमवावा लागतो.

ते काम कसे होते याचा एकच दाखला पुरे. १९४० साली जपानी फौजेशी मोठी लढाई चालू असताना कोटणीसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. कधी कधी तर सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस व तीन रात्री, डोळ्याला डोळा न लावता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. औषधे अपुरी, हत्यारे अपुरी. दवाखान्याला पक्की इमारत नाही. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवावयाचे आणि शत्रू जवळ आला की सारे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या खेड्यात न्यावयाचे. अशा वेळी गावकऱ्यांशी सलोखा नसेल तर डॉक्टर एक दिवसही टिकणार नाही. स्ट्रेचर उचलणारा शेतकरी, पाणी उकळून देणारी म्हातारी, पट्ट्या धुणारी मुलगी, या सर्वांच्या हातांनी मिळून ती शस्त्रक्रिया होत असे. कोटणीसांना हे पुरते ठाऊक होते.

रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या, फारसे शालेय शिक्षण न झालेल्या तरुणांना तेथे थोड्या अवधीत डॉक्टर व परिचारक बनवावयाचे होते. मुंबईच्या कॉलेजात जे पाच वर्षांत शिकले ते या मुलांना काही महिन्यांत, त्यांच्या बोलीत, त्यांना समजेल अशा उदाहरणांनी सांगावयाचे. शिक्षकी पेशातील वाचकांना हे काम शस्त्रक्रियेहून सोपे वाटणार नाही. आपल्यानंतर काम चालू राहावे, हा त्यामागचा हेतू होता. १९४२ च्या उन्हाळ्यात ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. त्यांची ही राजकीय मते कोणाला पटोत वा न पटोत, त्यांच्या सेवेचे मोल त्याने कमीजास्त होत नाही.

संसार आणि अखेर

रुग्णालयाच्या परिसरात परिचारिकांना शिकविणारी कुओ छिंगलान नावाची तरुणी होती. दोघांची ओळख १९४० साली झाली आणि १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि ह्वा म्हणजे चीन. हे नाव तेथील सेनापती न्ये रोंगचन यांनी सुचविले होते.

आई-वडिलांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर या नावात आहे. मुलगा परक्यांत मिसळला म्हणजे आपल्याला पारखा होईल काय? कोटणीस चिनी भाषेत शिकवत होते, चिनी अन्न खात होते, चिनी माणसांत त्यांचे घर होते. पण लेकराच्या नावात पहिले अक्षर आले ते हिंदुस्थानचे. चिनी सेनापतीनेही ते पहिल्या जागी ठेवले. दुसऱ्याच्या घरात जो माणूस खाली मान घालून, आपले गाव लपवून वावरतो त्याला कोणी मान देत नाही. आणि जो आपलेच घोडे पुढे दामटतो त्याच्याजवळ कोणी बसत नाही. कोटणीसांनी आपले गाव लपविले नाही आणि मिरविलेही नाही.

अति श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जावे असा सल्ला त्यांना देण्यात आला. त्यांनी तो मानला नाही. रुग्णालय, विद्यालय, अर्धे लिहून झालेले पुस्तक, हे सारे सोडून जाणे त्यांना जमले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, झटक्यानेच त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. खेड्यातील लोकांनी त्यांना आपल्या वीरांच्या शेजारी मूठमाती दिली. माओ त्से तुंग यांनी त्यांच्या निधनाबद्दल स्वतः शोकलेख लिहिला. पुढे त्यांची समाधी शिजियाच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या सान्निध्यात हलविण्यात आली.

यिनह्वा मोठा होऊन वैद्यकीचाच अभ्यास करीत होता, परंतु १९६७ साली, पंचविशीही पुरी होण्याआधी, तो गेला. कुओ छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले, सीमेवर आजही ताण असतो. तरी कोटणीसांच्या समाधीवर फुले वाहणे तेथील लोकांनी सोडले नाही. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. दोन सरकारांचे बिनसले तरी एका डॉक्टराने जोडलेली माणसे तुटली नाहीत.

त्यांची कथा आपल्यापर्यंत कशी आली, तेही पाहण्यासारखे आहे. पानिपतच्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून अब्बास व व्ही. पी. साठे यांनी पटकथा रचली. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. संगीत वसंत देसाई यांचे. एका सोलापूरकराची गोष्ट सांगायला हरियाणाचा उर्दू लेखक आणि मराठी कलावंत एकत्र बसले, म्हणून ती देशभर पोहोचली.

आपण काय घ्यावे

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने चीनला जावे असे आमचे म्हणणे नाही. पण कोटणीसांच्या आयुष्यातून तीन साध्या गोष्टी आपल्या मुलामुलींना सांगता येतील.

पहिली गोष्ट, हातात हुन्नर हवा. कोटणीसांना चीनमध्ये बोलावणे आले ते ते चांगले शस्त्रवैद्य होते म्हणून. गोड स्वभावाने ओळख होते, पण दुसऱ्याला आपली गरज वाटते ती आपल्या कामामुळे. म्हणून शिक्षण अर्धवट सोडू नका. दहावीनंतर मुलाला घाईने कामाला लावणाऱ्या पालकांनी तर याचा जरूर विचार करावा.

दुसरी गोष्ट, समोरच्याची भाषा शिका. आपल्या मुलांना घरात दख्खनी व शाळेत उर्दू किंवा मराठी मिळते, बाजारात कानडी मिळते. त्यांना या भाषांची लाज वाटू देऊ नका. ज्याच्या कानाला लहानपणीच चार भाषांची सवय आहे त्याला पाचवी जड जात नाही. कलबुर्गीच्या रोग्याशी कानडीत बोलणारी आपली मुलगी उद्या परिचारिका झाली, तर तिच्या हातचे औषध लवकर लागू पडेल.

तिसरी गोष्ट, परक्यांत गेल्यावर प्रथम शिकावे, मग शिकवावे. नव्या ठिकाणी आपल्याहून कमी शिकलेला माणूसही आपल्याला काही तरी देऊ शकतो. कोटणीसांना डोंगरातल्या शेतकऱ्यांनी भाषा दिली, निवारा दिला, जखमींची ने-आण करणारे हात दिले. ते घेण्याइतकी नम्रता त्यांच्यात होती, म्हणून त्यांच्या विद्येचा उपयोग झाला.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी दूर निघाली, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या माणसांत काम करू लागली, तर धास्ती बाळगू नका. घरात जे संस्कार आपण दिले असतील ते त्यांच्याबरोबर जातात. हैद्र्याच्या दर्ग्याच्या उरुसाला आणि स्वामी समर्थांच्या गावच्या जत्रेला एकाच एस. टी. ने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत आपण वाढलो. ही मिळून राहण्याची सवय आपल्या मुलांनी बाहेर नेली, तर ती कोठेही उपयोगी पडेल.

सोलापूरला जाल तेव्हा मुलांना बरोबर घेऊन त्या घरात जा. तेथील छायाचित्रे त्यांना दाखवा. हा आपल्याच जिल्ह्यातला, आपल्यासारखीच मिसळ भाषा ऐकत वाढलेला मुलगा होता, एवढे त्यांना सांगा. पुढचे प्रश्न मुले आपण होऊनच विचारतील, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी आपल्यालाही थोडे वाचावे लागेल.